मिठागरातले लाल आर्किया लॅबमध्ये कसे वाढवायचे: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

एमएस्सी मायक्रो किंवा बायोटेकच्या प्रोजेक्टला हॅलोआर्किया (अति खाऱ्या पाण्यात राहणारे, आर्किया गटातले सूक्ष्मजीव) घेतलेत, किंवा घ्यायचा विचार चाललाय, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मीही एमएस्सीला हाच विषय घेतला होता आणि अजूनही मला तो सगळ्यात आवडतो. खर्च बेताचा आहे, कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्याला नमुना जवळच मिळतो. पण बीएस्सीची तीन वर्षं आपण ई. कोलाय या नेहमीच्या बॅक्टेरियावर हात बसवलेला असतो आणि तीच सवय इथे पावलोपावली आडवी येते. प्रत्येक कामाआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, या पायरीला मीठ ठेवायचंय की काढायचंय? बहुतेक ठिकाणी ठेवायचं असतं, काही ठिकाणी मात्र काढल्याशिवाय काम होत नाही, आणि नवीन माणसाची गल्लत नेमकी तिथेच होते.

०. आधी हा जीव समजून घ्या

हे बॅक्टेरिया नाहीत. नावात बॅक्टेरियम असतं, उदाहरणार्थ हॅलोबॅक्टेरियम सॅलिनारम, पण ते नाव जुनं आहे. १९७७ मध्ये वूज आणि फॉक्स या शास्त्रज्ञांनी आर्किया हा वेगळा गट दाखवला, त्याच्या कितीतरी आधी हे जीव खारवलेल्या माशांवर सापडलेले होते. यांच्या पटलातले लिपिड ईथर बंधाचे आहेत आणि पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकन (बॅक्टेरियाच्या भित्तिकेचा मुख्य घटक) नाही, त्यामुळे पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन यांचा या जीवांवर काही परिणाम होत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता मिठाचं. बाहेर २०-२५ टक्के मीठ असताना पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जायला हवं. खाऱ्या पाण्यातले बरेच बॅक्टेरिया यावर एक्टोइन, बीटेन असली सेंद्रिय द्रव्यं आत साठवतात. हॅलोआर्किया सरळ पोटॅशियम क्लोराइडच आत भरून घेतात, बाहेर जेवढं मीठ जवळजवळ तेवढंच आत. एवढ्या मिठात साधं प्रथिन टिकणार नाही, म्हणून यांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांची गर्दी असते, म्हणजे ऋण भारच भार. मिठातले आयन त्या भाराला सांभाळून घेतात. मीठ काढलंत की ते ऋण भार एकमेकांना ढकलायला लागतात आणि प्रथिन उलगडतं. पेशीचंही तेच, मीठ साधारण दहा-बारा टक्क्यांच्या खाली गेलं की बहुतेक जातींच्या पेशी फुटतात. या लेखातल्या निम्म्या सूचना या एका कारणातून आल्यात.

आणि विषय निवडताना घरचे किंवा मित्र विचारतील याचा उपयोग काय, तर त्यांना हे सांगा. १९९३ मध्ये फ्रान्सिस्को मोजिका यांना स्पेनमधल्या अलिकांतेजवळच्या मिठागरातल्या हॅलोफेरॅक्स मेडिटेरानीच्या डीएनएत ठरावीक अंतराने परत परत येणारे तुकडे दिसले, पुढे त्यांनाच क्रिस्पर नाव पडलं, आज जनुकं बदलायला वापरतात तेच. मृत समुद्रातल्या हॅलोआर्क्युला मारिसमॉर्टुईच्या रायबोसोमचे (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचे) स्फटिक चांगले बनतात, त्यावरून मोठ्या उपघटकाची रचना उलगडली आणि २००९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये एडा योनाथ आणि थॉमस स्टाइट्झ यांच्या कामात या जीवाचा मोठा वाटा होता. मिठागरातल्या गुलाबी पाण्यातून एवढं निघालंय.

१. नमुना कुठून आणि कधी घ्यायचा

गोव्यात रायबंदर, नेरूळ, आगरवाडा, सिंधुदुर्गात शिरोडा, रायगडात उरण-पेणचा पट्टा, मुंबईकडे भांडुप, भाईंदर, वसई. बरीच मिठागरं बंद पडलीत, त्यामुळे जाण्याआधी स्थानिक माणसाकडून चालू आहे का ते विचारून घ्या. पावसाळ्यात जाऊन उपयोग नाही, सगळीकडे गोडं पाणी भरलेलं असतं. मार्च ते मे हे महिने उत्तम.

मिठागरात समुद्राचं पाणी एकातून दुसऱ्या वाफ्यात सोडत सोडत आटवतात. पहिल्या वाफ्यांत जाऊ नका, तिथे बहुतेक बॅक्टेरिया आणि शेवाळच मिळेल. जिथे मीठ पडायला लागलंय ते शेवटचे वाफे गाठा. पाण्यावर गुलाबी किंवा विटकरी झाक दिसते, कडेला मिठाची साय धरलेली असते. हायड्रोमीटर असेल तर बोमे (पाण्याच्या घनतेच्या) मापावर साधारण २५ च्या पुढे आकडा हवा, तिथेच सोडियम क्लोराइड पडायला सुरुवात होते. रिफ्रॅक्टोमीटर घेणार असाल तर ॲक्वेरियमवाला घेऊ नका, तो दहा टक्क्यांपर्यंतच दाखवतो.

पाणी, तळाचा चिखल आणि ताजं मीठ, तिन्ही वेगवेगळ्या स्टराइल बाटल्यांत घ्या. पाण्याचं तापमान जागेवरच मोजा. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही, उन्हापासून लांब खोलीच्या तापमानाला छान टिकतात. तिथे काम करणाऱ्यांशी बोला, कुठला वाफा आधी लाल होतो, कधी होतो, हे त्यांना कुठल्याही पेपरपेक्षा जास्त माहीत असतं. आणि वाफ्यात चपला घालून उतरू नका, ते त्यांचं विकायचं मीठ आहे.

मिठागरापर्यंत जाणं जमत नसेल तर बाजारातलं जाडं खडे मीठ घ्या, न धुतलेलं, आयोडीन नसलेलं. मिठाचा खडा बनताना त्यात पाण्याचे बारीक थेंब अडकतात आणि त्या थेंबांत हे जीव जिवंत राहतात. खडा निर्जंतुक मिडियममध्ये विरघळवला की बऱ्याचदा वाढ मिळते.

लोणारबद्दल हमखास विचारणा होते. जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं होतं आणि पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत त्याचं कारण हॅलोआर्कियाच निघालं. पण पहिल्या प्रोजेक्टला लोणार घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. ते अभयारण्य आहे, वन विभागाच्या परवानगीशिवाय नमुना घेता येत नाही. शिवाय ते पाणी खारट आहे त्याहून जास्त अल्कधर्मी आहे, पीएच दहाच्या आसपास, म्हणजे मिडियम पूर्ण वेगळं, सोडियम कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून घालायचं, मॅग्नेशियम अगदी कमी नाहीतर सगळं खाली बसतं. आधी मिठागरावर हात बसू द्या.

२. कागदपत्रं

- कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, मिठागराच्या मालकाच्या किंवा चालवणाऱ्याच्या नावाने. जागा सरकारी असेल तर संबंधित कार्यालयाची परवानगी आधी काढा, मुंबईतली बरीच मिठागरं केंद्र सरकारच्या मीठ आयुक्तांकडे आहेत.
- नमुन्याची नोंदवही: तारीख, वेळ, जीपीएस, तापमान, पीएच, क्षारता, फोटो.
- कल्चर परदेशात पाठवायचं असेल, पेटंट घ्यायचं असेल किंवा त्यातून काही विकायचं असेल तर जैवविविधता कायदा २००२ लागू होतो. निव्वळ शिक्षणासाठी इथेच काम करणाऱ्याला अडचण येत नाही, तरी गाईडना एकदा विचारून ठेवा, मागाहून कागद जमवणं फार जिवावर येतं.

३. सामान

सोडियम क्लोराइड (एका मिडियमच्या लिटरला पाव किलो जातं, तेव्हा आधीच पाच किलो मागवा), मॅग्नेशियम सल्फेट, पोटॅशियम क्लोराइड, ट्रायसोडियम सायट्रेट, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, कॅसअमिनो ॲसिड, अगार. ३७ ते ४० अंशाचा इनक्युबेटर, शेकर, झिपलॉक पिशव्या, पॅराफिल्म. शेकरवर जागा महिनाभर लागणार हे लॅबमध्ये आधीच सांगून ठेवा, भांडणं वाचतील.

४. मिडियम

एका लिटरला: सोडियम क्लोराइड २५० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचं) २० ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट ३ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड २ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, कॅसअमिनो ॲसिड ७.५ ग्रॅम, फेरस सल्फेट चिमूटभर. पीएच ७.४. प्लेटसाठी अगार २० ग्रॅम.

पाणी सुरुवातीला ७५०-८०० मिलीच घ्या, पाव किलो मीठ विरघळल्यावर पातळी बरीच वर येते, मग लिटरपर्यंत भरा. क्षार पूर्ण विरघळल्यावरच अगार घाला. एवढ्या मिठात अगार लवकर वितळत नाही, ऑटोक्लेव्हमधून काढल्यावर बाटली हळूहळू फिरवून नीट मिसळा, नाहीतर वरचा थर पातळ आणि खाली गोळा. प्लेट जाडसर ओता. पीएच मीटर इतक्या मिठात थोडा चुकीचा आकडा दाखवतो, तेव्हा दशांशासाठी जीव काढू नका, पण इलेक्ट्रोड लगेच धुवा.

इथला मोठा सापळा म्हणजे पेप्टोन. कॅसअमिनो ॲसिड महाग म्हणून कुणी सांगतं पेप्टोन घाल, चालतंय की. काही पेप्टोनमध्ये पित्ताम्लं असतात आणि ती हॅलोआर्कियाच्या पेशी फोडतात, हे १९८८ मध्येच प्रसिद्ध झालंय. मिडियम स्वच्छ, मीठ बरोबर, तापमान बरोबर आणि तरी वाढ शून्य असं झालं तर पहिला संशय पेप्टोनवर घ्या. घालायचंच असेल तर आधी माहितीतल्या कल्चरवर तपासून घ्या.

५. प्लेटिंग, आणि वाट बघणं

मीठ ठेवायची पायरी. सीरियल डायल्युशन (नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करणं) ०.८५ टक्के सलाइनमध्ये अजिबात करायचं नाही, तिथे पेशी फुटून जातात आणि प्लेट कोरी राहते. डायल्युशनसाठी मिडियममधलेच क्षार तेवढ्याच प्रमाणात घेतलेलं पाणी वापरा, खाद्य वगळून. पेलेट (सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला बसलेल्या पेशी) धुवायलाही तेच. हे पाणी दोन लिटर बनवून ठेवा, सतत लागतं.

बॅक्टेरिया कमी यावेत म्हणून मिडियममध्ये ॲम्पिसिलिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली घालता येतं. नोव्होबायोसिन मात्र घालू नका, ते यांनाच मारतं.

प्लेट उलट्या करून झिपलॉक पिशवीत, सोबत ओला टिश्यू, मग इनक्युबेटरमध्ये. हे केलं नाही तर प्लेट सुकून मिठाचे खडे उगवतात आणि ते लांबून थेट कॉलनीसारखे दिसतात. शंका आली तर प्लेट उजेडासमोर तिरकी धरा, खडा चमकतो आणि त्याला कोन असतात, कॉलनी गोल आणि मऊ.

आता वाट बघा. दोन दिवसांत काहीही दिसणार नाही. आठवड्यानंतर बारीक ठिपके, दोन-तीन आठवड्यांत रंग. प्लेटवर मोठ्या अक्षरात 'महिनाभर टाकू नये' लिहा, कारण ४८ तासांनी प्लेट टाकायची सवय सगळ्या लॅबना असते. काही जातींना त्याहून जास्त वेळ लागतो. हॅलोक्वाड्रॅटम वाल्सबी, पातळ पोस्टाच्या तिकिटासारखी चौकोनी पेशी, वाल्सबी या शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये सिनाईच्या खाऱ्या डबक्यात बघितली आणि ती लॅबमध्ये वाढवायला २००४ उजाडलं. तेव्हा पहिल्या फेरीत ती मिळाली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

एक गोष्ट जवळून बघण्यासारखी. शुद्ध स्ट्रीक केलेल्या प्लेटवर काही कॉलनी दुधट गुलाबी अपारदर्शक आणि मध्येच एखादी स्वच्छ पारदर्शक लाल दिसते. नवीन माणूस कंटॅमिनेशन समजून परत परत स्ट्रीक करत बसतो. हॅलोबॅक्टेरियममध्ये हे नेहमीचं आहे. दुधट कॉलनीतल्या पेशींत प्रथिनांच्या पोकळ, हवा भरलेल्या पुटिका असतात, त्यांच्या जोरावर पेशी पाण्यात वर तरंगते, जिथे ऊन आणि ऑक्सिजन आहे. या जीवाच्या डीएनएत इकडून तिकडे उड्या मारणारे तुकडे खूप आहेत, त्यातला एखादा पुटिकेच्या जनुकात घुसला की पुटिका बंद आणि कॉलनी पारदर्शक. साधारण शंभरात एक इतक्या वारंवार हे होतं. दोन्ही कॉलनी वेगळ्या वाढवा, ट्यूब रात्रभर न हलवता ठेवा, दुधटवाली वर तरंगेल, लालवाली खाली बसेल. मला विचाराल तर अख्ख्या प्रोजेक्टमध्ये याहून सुंदर काही नाही. (याच पुटिका आता अल्ट्रासाउंडमध्ये शरीराच्या आतलं दाखवायला वापरता येतील का यावर काम चालू आहे.)

६. आर्कियाच आहेत ना?

लाल म्हणजे आर्किया असं धरू नका. त्याच पाण्यात सॅलिनिबॅक्टर रुबर नावाचा लाल बॅक्टेरिया राहतो, आणि नारिंगी रंगाचं ड्युनालिएला शेवाळही.

पाण्याची चाचणी: स्लाइडवर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब, त्यात लूपभर कॉलनी. गढूळपणा जातो आणि लूप उचलल्यावर चिकट तार येते, तो फुटलेल्या पेशींचा डीएनए. पण एवढ्यावर निकाल देऊ नका, हॅलोकॉकस आर्किया असूनही जाड भित्तिकेमुळे फुटत नाही.

ग्रॅम स्टेन: ही मीठ काढायची पायरी, पण पेशी न फोडता. स्मिअर हवेत वाळवा, मग २ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये पाच मिनिटं, त्याने पेशी पक्क्याही होतात आणि मीठही निघून जातं, परत वाळवा आणि नेहमीसारखा स्टेन करा. आच देऊन फिक्स करून थेट स्टेन केलात तर मिठाचे स्फटिक आणि फुटलेल्या पेशींचा लगदा दिसेल, बाकी काही नाही.

पीसीआर (डीएनएच्या ठरावीक भागाच्या भरपूर प्रती काढणं): डीएनए काढणं इथे फार सोपं आहे, पाण्यात पेशी आपोआप फुटतात, कॉलनीचा अगदी कणभर भाग पाण्यात घालून उकळलं तरी टेम्पलेट मिळतं. जास्त घेतलंत तर मीठ सोबत येतं आणि रिॲक्शन बंद पडते. प्रायमर (कुठल्या भागाच्या प्रती निघतील ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) मात्र बघून घ्या. लॅबमधला नेहमीचा २७एफ बॅक्टेरियाचा आहे, आर्कियासाठी २१एफ आणि जोडीला १४९२आर. बहुतेक जातींच्या डीएनएत जीसी (ग्वानीन-सायटोसीन) ६० टक्क्यांच्या वर असतं, तेव्हा ५ टक्के डीएमएसओ घालून बघा. सिक्वेन्समध्ये दुहेरी शिखरं आली तर ती कंटॅमिनेशनच असतील असं नाही, हॅलोआर्क्युलामध्ये १६एस (जात ओळखायला वाचतात त्या) जनुकाच्या एकमेकांशी न जुळणाऱ्या प्रती एकाच पेशीत असतात. तिथे क्लोनिंग करूनच उलगडा होतो.

७. उपयोगाचा भाग

बहुतेक गाईड म्हणतात नुसतं आयसोलेशन पुरत नाही, काहीतरी ॲप्लिकेशन दाखव. पहिल्यांदा करताय तर या तिघांतलं एक निवडा, तिन्ही नको.

रंगद्रव्य सगळ्यात सोपं. लाल रंग बॅक्टेरिओरुबेरिनचा, ५० कार्बनचं कॅरोटिनॉइड. पेलेटमधलं वरचं खारं पाणी पूर्ण काढा, मिथेनॉल-ॲसिटोनमध्ये अंधारात काढा, पेलेट पांढरी होईपर्यंत. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४७०, ४९५ आणि ५३० नॅनोमीटरच्या आसपास तीन शिखरं दिसली की ओळख जवळजवळ पक्की. अँटिऑक्सिडंट चाचणी लगेच जोडता येते.

एन्झाइम: स्टार्च, स्किम मिल्क, ट्वीन ८० घातलेल्या प्लेटवर कॉलनीभोवतीचं वलय बघायचं. आकर्षण हे की खारट आणि सेंद्रिय द्रावकांतही यातली काही एन्झाइमं चालतात, जिथे पाण्याला मोकळीक कमी असते. थायलंडच्या नाम प्ला या फिश सॉसमध्ये असे जीव आपोआप वाढतात, खारवलेल्या मासळीवर गुलाबी डाग पडतात तेही यांचेच, म्हणजे प्रथिनं तोडायची ताकद आहेच. पण एन्झाइमच्या चाचणीच्या बफरमध्ये २ ते ४ मोलर मीठ ठेवा. डायलिसिस साध्या बफरमध्ये केलंत तर सकाळी पिशवीत मेलेलं प्रथिन सापडेल.

आणि एसडीएस-पेज (प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करणं) करणार असाल तर नीट वाचा. इथे मीठ काढायचं, त्यातही पोटॅशियम. पोटॅशियम आणि एसडीएस एकत्र आले की पांढरा साका बसतो, आणि या पेशी तर पोटॅशियमने भरलेल्या. ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडने प्रथिन खाली आणून धुवा, मगच लोड करा. बँड अपेक्षेपेक्षा वर दिसला तर घाबरू नका, आम्लधर्मी प्रथिनं जेलमध्ये सावकाश पळतात, म्हणून वजन खरं असतं त्याहून जास्त वाटतं.

प्लॅस्टिक: हॅलोफेरॅक्स मेडिटेरानी पेशीत पीएचबीव्ही नावाचं जैवविघटनशील पॉलिमर साठवते. नाईल रेड या रंगाने कण चमकताना दिसतात. दोन फायदे आहेत. एवढ्या मिठात दुसरं फारसं काही वाढत नाही, त्यामुळे निर्जंतुकीकरणाचा खर्च कमी. पेशी फोडायला महागडं द्रावक लागत नाही, साधं पाणी आणि थोडं एसडीएस पुरतं. अडचण अशी की स्टीलची टाकी मिठाने गंजते आणि उरलेल्या खाऱ्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न राहतो, थिसिसमध्ये हे मोकळेपणाने लिहा.

बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनचा मोह सगळ्यांना होतो. जांभळं पटल, उजेड पडला की प्रोटॉन बाहेर ढकलणारं प्रथिन, १९७१ मध्ये ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी दाखवलेलं. याच कुळातली हॅलोआर्कियाची प्रथिनं आज मेंदूच्या पेशी उजेडाने शांत करायला वापरतात. पण पटल शुद्ध करायला अल्ट्रासेंट्रिफ्यूज आणि साखरेचा ग्रेडियंट लागतो. तुमच्याकडे ते दोन्ही असेल तरच हात घाला.

८. यंत्रं धुवा

मीठ काढायची सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि सगळ्यात दुर्लक्षित. सेंट्रिफ्यूजच्या ॲल्युमिनियम रोटरला खारं पाणी लागलं आणि तसंच राहिलं तर खड्डे पडतात, असा रोटर वेगात फुटू शकतो. प्रत्येक वेळी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन उलटा वाळवा. तसंच ऑटोक्लेव्हचं पाणी, शेकरच्या क्लिपा, तराजू, क्युव्हेट. हा विषय पुढच्या ज्युनिअरला करू देतील की नाही हे बऱ्याचदा यावरच ठरतं.

९. कल्चर जपून ठेवणं

स्लँट घट्ट झाकणाच्या ट्यूबमध्ये पॅराफिल्म लावून खोलीच्या तापमानाला काही महिने राहतात. उणे ८० साठी ग्लिसरॉल खाऱ्या मिडियममध्येच मिसळून घाला, साध्या पाण्यातलं ग्लिसरॉल घातलं तर ठेवण्याआधीच पेशी मरतात. दर स्टॉकमधून आठवड्याने एक वायल काढून वाढते का बघा, मगच बाकीच्यांवर भरवसा ठेवा.

चांगला आयसोलेट मिळाला असेल तर पुण्याच्या एनसीएमआर किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहात जमा करा. फॉर्ममध्ये मिडियमची पूर्ण कृती, मिठाचं प्रमाण आणि इनक्युबेशनचे दिवस ठळक लिहा. नवीन जात म्हणून प्रसिद्ध करायची असेल तर दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत कल्चर लागतं, तेव्हा वर दुसऱ्या पायरीतला जैवविविधता कायद्याचा कागद थिसिस लिहायला बसण्याआधीच सुरू करा, त्याला वेळ लागतो.